फॉरमॅट करण्याआधी

रायपूरच्या शंकर नगरातलं एखादं मराठी घर घ्या. आजोबांच्या काळचे स्कॅन केलेले फोटो, मुंजीची जुनी चित्रफीत, मुलीच्या लग्नाचं स्टुडिओनं दिलेलं शूटिंग, सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतं. ती डिस्क घरच्या विंडोज संगणकाला लागते, हॉलमधल्या टीव्हीला लागते आणि पुण्याहून सुट्टीत आलेल्या मुलाच्या मॅकबुकलाही. नवी डिस्क आणली की फॉरमॅटची खिडकी विचारते, एनटीएफएस की एक्सफॅट? बहुतेक जण न वाचताच स्टार्ट दाबतात. पुढे कधी डिस्क उघडेनाशी झाली की दोष डिस्कला, केबलला, नाहीतर व्हायरसला दिला जातो.

डिस्कवर कोट्यवधी क्रमांकित कप्पे असतात, बाकी काही नाही. कुठल्या फाइलचे तुकडे कुठल्या कप्प्यांत आहेत, कुठले कप्पे रिकामे आहेत, फाइलचं नाव काय, हा हिशेब ठेवण्याची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम. एकच फाइल साठवायची तरी डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावं लागतं: मजकूर, कप्प्यांचा हिशेब आणि फोल्डरमधली नोंद. रायपूरला मे महिन्यात दिवसभर ऊन तापतं आणि संध्याकाळी अचानक वादळी वारं सुटतं, वीज जाते. ती या तीन कामांच्या मध्येच गेली तर? मजकूर लिहिला गेलेला, पण फोल्डरला त्याचा पत्ता नाही. किंवा त्याहून वाईट, दोन फाइली एकाच कप्प्यावर हक्क सांगू लागतात.

पंडरी बाजारातला जुन्या पद्धतीचा व्यापारी आधी रोजकीर्दीत नोंद करतो, मग खतावणीत चढवतो. मध्येच काही अडलं तर रोजकीर्द पाहून खतावणी पुरी करता येते. जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टिम नेमकं हेच करतात. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या त्यातल्या. १९७७ पासून चालत आलेल्या फॅट घराण्यात जर्नल नाही. २००६ साली आलेली एक्सफॅट त्याच घराण्यातली. फॅटमध्ये कप्प्यांच्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असत, एक्सफॅटमध्ये साधारणपणे एकच.

जर्नल म्हणजे पूर्ण सुरक्षा नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. एनटीएफएसचं जर्नल हिशेब सावरतं, फाइलमधला मजकूर नाही. ईएक्सटी४ नवी असताना, २००९ मध्ये, संगणक अचानक बंद पडला की काही प्रोग्रामच्या नुकत्याच साठवलेल्या फाइली शून्य बाइटच्या होऊन निघत. हिशेब अगदी चोख आणि फाइल रिकामी! नंतर त्यावर उपाय केले गेले. तरीही डेस्कटॉपला यूपीएस असणं आणि डिस्क काढण्याआधी ‘इजेक्ट’ करणं याला पर्याय नाही.

मग एक्सफॅट कशाला? कारण ती सगळीकडे चालते. विंडोज आणि मॅक दोघांना ती वाचता-लिहिता येते. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये तिचा आराखडा खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. एनटीएफएस डिस्क मॅकला वाचता येते, पण वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. ईएक्सटी४ची डिस्क विंडोजला लावली तर ते ती ओळखतच नाही, उलट फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. तिथे घाईत ‘हो’ म्हणणं महागात पडतं. फॅट३२ मात्र आता गाडीतल्या स्टिरिओपुरतीच ठेवावी. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. लग्नाचं ४के शूटिंग सेकंदाला १०० मेगाबिटनं केलं तर तासाला ४५ जीबी होतात, म्हणजे सहा मिनिटांच्या आत ही मर्यादा संपते. पेन ड्राइव्हवर पुरेशी जागा दिसत असूनही फाइल मोठी असल्याचा संदेश येतो, तो यामुळेच.

मराठी माणसाला आणखी एक गोष्ट कळायला हवी, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ईएक्सटी४मध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट खातात. म्हणजे नाव ८५ चिन्हांत संपतं. ‘गणेशोत्सव’ एवढ्या एका शब्दालाच २७ बाइट लागतात. एनटीएफएस चिन्हं मोजते आणि तीच २५५ चिन्हं देते. त्यामुळे विंडोजवर दिलेलं लांबलचक मराठी नाव लिनक्सच्या डिस्कवर कॉपी होताना अडतं. रायपूरकरांची अडचण तर आणखी वेगळी. हिंदी वळणानं ‘छत्तीसगढ़’ लिहिताना शेवटचं अक्षर एक सलग चिन्ह म्हणून लिहिता येतं किंवा ढ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण एनटीएफएस आणि ईएक्सटी४च्या लेखी ती दोन निराळी नावं. एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात आणि शोध घेतला की एकच सापडतो. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ चंही तसंच. मॅकची एपीएफएस अशी दोन्ही रूपं एकच मानते.

या विषयाशी महाराष्ट्राचं नातं केवळ वापरणाऱ्याचं नाही. सन कंपनीत तयार झालेली झेडएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज ठेवते, त्यामुळे डिस्कवर गुपचूप बिघडलेला फोटो ती ओळखते. तिचा परवाना मात्र लिनक्सच्या परवान्याशी जुळत नव्हता. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं तिचा गाभा लिनक्सवर आणला, पण नेहमीसारखे फोल्डर उघडून फाइली वाचायला जो थर लागतो तो त्यात नव्हता. तो लिहिला पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीनं, आणि जानेवारी २०११ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी एसटेक या अमेरिकी कंपनीनं केक्यू विकत घेतली आणि पुढचं काम लिव्हरमोरच्या शाखेतून चालू राहिलं. पुण्याच्या या कामाची आठवण मराठीत कुठे तरी नोंदली जायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

झेडएफएस बिघाड आपोआप दुरुस्त करते, असा एक गैरसमज आहे. एकाच डिस्कवर ती बिघाड दाखवते, पण दुरुस्त करायला दुसरी प्रत लागते. म्हणून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेला जुनी इतिवृत्तं आणि छायाचित्रं सांभाळायची असतील तर माझा सल्ला सरळ आहे: दोन डिस्कांची आरशासारखी जोडी, त्यावर झेडएफएस आणि महिन्यातून एकदा संपूर्ण पडताळणी. घरच्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. संगणकाच्या आतली डिस्क त्याच्या मूळ फाइल सिस्टिमवरच राहू द्यावी. कायमच्या साठ्याची बाहेरची डिस्क विंडोजवाल्यांनी एनटीएफएस करावी, मॅकवाल्यांनी एपीएफएस. ने-आण करायची असेल तिथेच एक्सफॅट वापरावी, आणि त्या डिस्कवर कुठल्याही गोष्टीची एकमेव प्रत ठेवू नये.

फॉरमॅट केल्यावर जुनं सगळं जातं, तेव्हा बदल करायचा तर आधी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या. दिवाळीला मुलं घरी येतीलच. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावी पाठवा, आणि पाठवण्याआधी त्यातल्या दहा-वीस फाइली उघडून बघा.