कावेरीचे खारे पाणी

मासा म्हटला की तो पोहणारच, अशी आपली एक समजूत असते. गोबी कुळातल्या माशांनी ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. हा मासा बहुधा बसलेला असतो. वाळूवर, दगडावर, नाहीतर बिळाच्या तोंडाशी. त्याच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची एक वाटी झालेली असते आणि त्या वाटीच्या आधाराने तो प्रवाहातही जागा सोडत नाही. पुष्कळ जातींत वाताशय नसतो किंवा नावापुरता असतो, त्यामुळे तरंगत राहण्याची चैन त्याला परवडत नाही. डोळे डोक्याच्या माथ्यावर आणि मुद्रा सदैव किंचित त्रासलेली. या कुळात सुमारे दोन हजार जाती आहेत. कोकणातल्या वाचकांना त्यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. खाडीतली खरबी याच कुळातली, आणि ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटीही त्यांच्या जवळच्या नात्यातली. मात्र या मंडळींना काचेच्या पेटीत ठेवून त्यांच्याकडे नुसते पाहत बसावे, ही कल्पना रत्नागिरीत कोणाला मानवेल असे वाटत नाही.

बंगळूरसारख्या ठिकाणी हा छंद करावा, यात थोडा विनोदच आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर. कोणत्याही किनाऱ्याला जायचे तर तीनशे किलोमीटरांची वाट. इथले पिण्याचे पाणी कावेरीचे. ते सुमारे शंभर किलोमीटरांवरून, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून आणावे लागते. ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले की मी ते गाळून, त्यातला क्लोरीन आणि क्षार काढून अगदी निःसत्त्व करतो, आणि मग त्यात लिटरमागे पस्तीस ग्रॅम या मानाने सागरी मीठ घालतो. शंभर लिटरांच्या टाकीला साडेतीन किलो. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी यावर मार्मिक शेरा मारला : "अहो, लोकांनी एवढा खटाटोप करून गोडे पाणी इथवर आणायचे आणि तुम्ही त्यात मीठ कालवायचे!" यावर उत्तर नव्हते, अजूनही सापडलेले नाही.

पाणी खारट झाले म्हणजे समुद्र झाला, असे मात्र नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे करून दाखवले. मला हा सारा व्यवहार अतिशय परिचयाचा वाटतो. एका मेजावरून दुसऱ्या मेजावर, प्रत्येक ठिकाणी थोडी निरुपद्रवी होत जाणारी फाईल! फरक एवढाच की जीवाणू रजा घेत नाहीत. त्यांची नेमणूक पुरी व्हायला पाच-सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासा सोडता येत नाही. रिकाम्या पाण्यासमोर महिनाभर बसून राहणाऱ्या माणसाकडे घरातली मंडळी कोणत्या नजरेने पाहतात, ते सांगण्याचे कारण नाही.

तरी ते पाणी रिकामे नव्हतेच. दुसऱ्या एका छांदिष्टाच्या टाकीत वर्षानुवर्षे मुरलेला एक कृत्रिम दगड मी मागून आणला होता. (प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे, त्यामुळे तो मोह आमच्यासारख्यांना नाही, आणि नाही तेच बरे.) त्या दगडातून आठवडाभरात एकेक रहिवासी प्रकट होऊ लागला. रात्री विजेरीच्या उजेडात काचेवर धूलिकणांएवढे, टुण्णदिशी उडणारे कवचधारी जीव दिसले. एका खाचेतून केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन चाचपणी करी आणि प्रकाश पडताच आत ओढला जाई. एके सकाळी पांढऱ्या नळीच्या तोंडाशी मोरपिसाऱ्यासारखा चिमुकला पंखा उघडलेला होता. नुसते बोट काचेजवळ नेले तरी तो मिटत असे. माशापेक्षा मला या किरकोळ प्रजेचेच अप्रूप अधिक आहे.

या नादाचे एक आद्य पुरुष म्हणजे फिलिप हेन्री गॉस हे इंग्रज निसर्गाभ्यासक. १८५४ साली त्यांनी मत्स्यपेटीवर पुस्तक लिहिले आणि मध्यमवर्गीय इंग्लंड बादल्या घेऊन किनाऱ्यावर धावले. त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली 'फादर अँड सन' लिहिताना खेदाने नमूद केले आहे, की वडिलांनी ज्या कातळकुंडांचे सौंदर्य लोकांना दाखवले, ती कुंडे त्या लोकांनीच ओरबाडून उजाड केली. हा छंद असणाऱ्याने हे प्रकरण अधूनमधून वाचावे.

माझ्याकडचा गोबी पिवळा, बोटभर लांबीचा, अंगावर निळे बारीक ठिपके असलेला. तो एका कोळंबीबरोबर राहतो. बीळ खणायचे आणि राखायचे काम तिचे. दिवसभर ती आतून वाळू लोटत बाहेर आणते, खडे रचते, ढासळलेली भिंत सावरते. पण तिची दृष्टी फार अधू. म्हणून बाहेर आली की ती आपली एक मिशी सतत माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि ती तत्क्षणी मागे फिरते. धोका मोठा असेल तर दोघेही बिळात. तांबड्या समुद्रातल्या अशा जोड्यांचा पद्धतशीर अभ्यास १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला. मी तासन्‌तास पाहिले आहे : पहारेकऱ्यावाचून ती बिळाबाहेर यायला धजत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. रत्नागिरीच्या घराला कुलूप, इथे कानडीचा गंध नाही. त्यांचे बोलणे हळूहळू जेवणापुरते उरले. टाकीचे त्यांना काय! माझी मुलगी त्यांना तिथे काय चालले आहे ते सांगे, ते "असं का" म्हणत. कोळंबीची हकीकत ऐकून मात्र एकदा म्हणाले, "म्हणजे ती आंधळी, आणि हा तिचा हवालदार." मग गप्प झाले. संध्याकाळी उद्यानात जाताना ते नातीच्या खांद्यावर हात ठेवून चालतात.

एका रात्री दीडच्या सुमारास त्यांनी मला हाक मारून उठवले. "अरे, हे काय वाजतंय?" टाकीतून मधूनच टक्‌ असा टणक आवाज येत होता, काचेला खडा लागावा तसा. मी म्हणालो, "अण्णा, ती कोळंबी नांगी वाजवते." ते उठून बसले. लहानपणी ते चुलत्यांबरोबर रात्री भाट्याच्या खाडीत मासे धरायला जात. होडी नांगरून तळाच्या फळीवर कान टेकून पडले, की खालून असंख्य लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. चुलते म्हणत, खाडी लाह्या भाजते आहे. पुढे शाळामास्तर झाल्यावर अण्णांनी तो आवाज कशाचा असावा याची पुष्कळांकडे चौकशी केली. कोणाला सांगता आले नाही. "मग ह्याच होत्या तर," ते म्हणाले. त्या रात्री ते पहाटेपर्यंत बोलत होते. भरतीच्या वेळा, पागोळी कशी टाकावी, आईला खरबी साफ करायला आवडत नसे ते; आईविषयी ते आमच्याकडे आल्यापासून प्रथमच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शोधून वाचून दाखवले. ही कोळंबी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत सुटून त्यात एक पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज नांगीचा नव्हे. तो बुडबुडा कोसळण्याचा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातील डेटलेफ लोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० साली सिद्ध केले. पुढल्या वर्षी त्यांना असेही आढळले की त्या क्षणी एक अतिसूक्ष्म प्रकाशाचा लखलखाट होतो आणि आतले तापमान पाच हजार अंशांच्या घरात जाते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या कडकडाटाने हैराण केले होते. अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण ती रात्रीच जास्त का वाजवते?" याचे उत्तर पुस्तकांतून काढायचे काम अजून माझ्याकडे आहे.

मासा प्रजननगृहात जन्मलेला असू शकतो, कोळंबी मात्र बहुधा समुद्रातूनच धरून आणलेली असते. गॉससाहेबांच्या मुलाचा खेद मला तिच्या बाबतीत टोचतो. तिला परत सोडावे म्हटले तर कोणत्या समुद्रात? परक्या पाण्यात वाढलेला जीव आणि त्याच्याबरोबरचे नाना जंतू आपल्या किनाऱ्यावर नेऊन सोडणे हाही अपराधच. तेव्हा जोडी आहे तोवर नीट सांभाळणे, एवढेच हाती राहते.

आता बदलीचे वारे आहे. आदेश निघालेला नाही, पण नागपूरचे नाव कानावर आले आहे. दगड ओले ठेवून वेगळे न्यावे लागतील, अर्धे पाणी पिंपांत भरून घ्यावे लागेल, आणि मासा व कोळंबी शेजारशेजारच्या डब्यांत. आगगाडीच्या प्रवासात पंप बॅटरीवर किती तास चालेल याचा हिशेब मी एका कोऱ्या टिपणकागदावर मांडून ठेवला आहे. अण्णा येतील की नाही, हे विचारण्याचे मी लांबणीवर टाकत होतो. परवा जेवताना सौभाग्यवतींनीच विषय काढला.

"नागपूर का?" अण्णा म्हणाले. "तिथे उन्हाळ्यात पाणी भराभर आटेल. गोडे पाणी घालायला मी बसेन. तू कचेरीत असशील."