ढेपेचा सौदा आणि कलम चार

कॉन्ट्रॅक्टचा पेपर पहिल्याच सेमिस्टरला असतो. नागपूरला एलएल.बी.ला प्रवेश घेतला, तेव्हा हॉस्टेलमधल्या सीनियर मुलींनी सांगितलं, "कलम दोन घोकून टाक, निम्मा पेपर सुटला समज." प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, करार, संविदा, मी सगळ्या व्याख्या घोकल्या. परीक्षेपुरतं तेवढ्यावर भागलंही असतं. पण आमच्या मॅडमना गाइडमधला चार ओळींचा सारांश चालायचा नाही. भांडण कोणाचं, किती रुपयांचं आणि जो हरला त्याचं म्हणणं काय होतं, हे सांगता आलं तरच त्या पुढे सरकायच्या.

त्या धाकानं मुळातून वाचलेला पहिला निकाल लालमन शुक्लाचा, १९१३ सालचा, अलाहाबादचा. मालकाचा पुतण्या घरातून निघून गेला. लालमन मुनीम, त्याला शोधायला हरिद्वारला धाडलं. तो गेल्यावर मालकानं ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुलगा सापडला तो लालमनलाच. कोर्टानं मात्र त्याचा दावा फेटाळला: शोधताना बक्षिसाची वार्ताच त्याच्या कानावर नव्हती, मग जो प्रस्ताव ठाऊकच नाही तो त्यानं स्वीकारला कसा? तर्कात खोट काढता येत नाही, तरी हा निकाल मला आजही बोचतो.

मग यादीत खामगाव आलं, आणि मी सावरून बसले. आमचं गाव घाटाखालचं, खामगावच्या अंगाचं. घरी सरकी-ढेपेचं दुकान. आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९६५चा निकाल चक्क ढेपेच्या सौद्यावरचा! भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं लांब पल्ल्याच्या फोनवरून सरकी ढेप मागितली, खामगावच्या जिनिंग फॅक्टरीवाल्यांनी फोनवरच होकार भरला. पुढे माल दिला नाही म्हणून ३१,१५० रुपयांचा दावा लागला, तो अहमदाबादच्या कोर्टात. खामगाववाले म्हणाले, होकार आम्ही इथून दिला, माल इथेच द्यायचा होता, तेव्हा दावाही इथेच चालवा.

सगळं अडलं ते कलम चारपाशी. पत्रानं व्यवहार असेल, तर होकाराचं पत्र पेटीत पडलं आणि पाठवणाऱ्याच्या हातून सुटलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो. पण फोनचं काय? टेलिफोनचं पेटंट १८७६चं आणि आपला करार कायदा १८७२चा. कायदा लिहिणाऱ्यांपुढे फोन नव्हताच. बहुमतानं ठरवलं की, फोनवर बोलणं म्हणजे समोरासमोर बोलण्यासारखंच. होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. याच्या आधी, १९५५ साली, इंग्लंडच्या एन्टोरेस खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी नदीच्या दोन काठांवरच्या माणसांचा दाखला दिला होता: एकानं 'कबूल' म्हणून ओरडावं आणि तेवढ्यात डोक्यावरून विमान जावं, तर करार झाला नाही, विमान गेल्यावर पुन्हा ओरडायला हवं.

न्या. हिदायतुल्ला यांचं मत मात्र वेगळं पडलं. फोन नवा असला तरी कलमाचे शब्द तेच आहेत, होकाराचे शब्द तोंडून निघाले की ते बोलणाऱ्याच्या हातात राहत नाहीत, म्हणून करार खामगावला झाला, असं ते म्हणाले. हेच हिदायतुल्ला पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि १९५६पर्यंत आमचा बुलडाणा जिल्हा त्याच कोर्टाखाली होता. माझा जीव त्यांच्या निकालपत्रात गुंतला, तरी मला बहुमतच पटतं. आपलं बोलणं पलीकडे पोचलं की नाही, हे होकार देणाऱ्याला तिथल्या तिथे विचारून घेता येतं. ज्याच्या कानावर काही पडलंच नाही, त्यानं कोणाला विचारायचं?

त्या रात्री बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मंग त्या खामगाववाल्याले अहमदाबादले जा लागलं?" कलम, व्याख्या, डेनिंग सगळं ऐकून त्यांनी नेमका मुद्दा धरला होता. तारखेसाठी दुकान बंद ठेवून कोणी जायचं, गाडीभाडं, वकील आणि साक्षीदारांचा खर्च कोणी सोसायचा, हेच त्या सहा वर्षांच्या भांडणाच्या पोटात होतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा बिलबुक उघडून पाहिलं. जाफराबाद-भोकरदनच्या दुकानदारांना बाबा फोनवर भाव सांगतात, तेही फोनवरच हो म्हणतात, आणि मालासोबत बिल जातं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय: 'सर्व वाद खामगाव न्यायक्षेत्राच्या अधीन.' २०१३ साली स्वस्तिक गॅसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कोलकात्याबद्दलची अशीच अट मान्य केली होती, कलमात 'फक्त' हा शब्द नसतानाही. पण ती अट दोघांच्या सह्यांच्या करारात होती. आमचं बिल निघतं ते सौदा फोनवर पक्का झाल्यावर. मग त्या छापील ओळीला समोरच्यानं हो म्हटलं कधी?

बाबांना हे समजावलं. त्यांनी बिलबुक मिटलं आणि म्हणाले, "मंग भाव सांगतानाच सांगू नं, का वाद झाला तं खामगावले." दुसऱ्या दिवशी भोकरदनचा फोन आला. पोत्यांचा आकडा, भाव, उधारीचे दिवस ठरले, आणि बाबांनी ते खरोखरच सांगितलं. पलीकडचे काका म्हणाले, "चालते." मी वहीत तारीख आणि वेळ टिपून ठेवली.