साखरशेत: ‘सगळे एकच’ नव्हे

पावसाळा सरता सरता आम्ही भिवंडीहून वाडा, विक्रमगड करत जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला गेलो. निघताना अम्मी म्हणाल्या होत्या, “तिकडे सगळे आदिवासीच.” जनगणना पाहिली तर तालुक्यात दहातली नऊ माणसे आदिवासी. पण त्या ‘सगळे’मध्ये किती जण झाकले जातात, ते तिथे कळले.

नाचणीच्या शेताकडेला एक आजी भेटल्या. आमच्या मुलीने विचारले, “आजी, तुम्ही वारली ना?” त्या हसल्या. “नाय गं बाय, आम्ही कोकणा.” आम्ही कोकणी मुसलमान, वाटले, आमच्याच किनाऱ्याकडचे! पण कोकणा ही वेगळी जमात, त्यांची बोलीही वेगळी.

या भागात वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे सारे राहतात. लग्नात भिंतीवर चौक लिहितात ते वारली. खैराचा कात काढायचे म्हणून कातकरी. त्यांतले बहुतेक आज भूमिहीन, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे. जव्हारचे मुकणे राजे महादेव कोळी. त्यांच्या घराण्यातल्या नावांमागचा ‘शहा’ हा किताब १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून आलेला.

‘आदिवासी’ म्हणून मोकळे झालो, तर वीटभट्टीवर जाणारा कातकरी आपल्याला दिसतच नाही.

घरी आल्यावर अम्मींना हे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आपल्यालाही लोक ‘सगळे एकच’ म्हणतात. मोमीन कोण, बागवान कोण, कोकणी कोण, कुणी विचारतं का?”

आजींनी निरोप देताना मुलीच्या हातात काकडी ठेवली होती. त्यांचे नाव विचारायचे मात्र राहूनच गेले.