ट्रॉलीतला संसार

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातील वाड्या-वस्त्या मोकळ्या होऊ लागतात. घरांना कुलपे लागतात, म्हातारी माणसे ओट्यावर उरतात. उचल घेतलेले कोयते मुकादमाच्या ट्रॅक्टरची वाट पाहत पारापाशी जमतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॉलीत ज्वारीची पोती, चुलीचे सामान, कोपीचे बांबू, ताडपत्री, शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसे बसतात. चार-पाच महिन्यांचा संसार दोन चाकांवर चढतो.

गोदावरीकाठची काळी रान मागे टाकून ट्रॅक्टर परळीकडे लागतो. परळीच्या पुढे अंबाजोगाईकडे जाताना रस्ता बालाघाटावर चढतो. मग केज, बार्शी, पंढरपूर करीत सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा. सपाटीवर मुले गाणी म्हणतात. घाट आला की बाया लेकरांना पोटाशी धरतात. त्यांची भीती खोटी नाही. ती आपण हिशेबाने समजून घेऊ.

समजा, दहा कोयते आहेत. वीस मोठी माणसे, सरासरी ५० किलोप्रमाणे १,००० किलो. बारा मुले, २० किलोप्रमाणे २४० किलो. प्रत्येक कोयत्याचे धान्य एक क्विंटल आणि बाकीचे सामान एक क्विंटल, म्हणजे २,००० किलो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन दीड-दोन टन. बेरीज जवळपास पाच टनांवर जाते. ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन. म्हणजे पुढच्या गाडीच्या अडीचपट ओझे मागे आहे.

ड्रायव्हर म्हणतो, "ऊस यापेक्षा जास्त ओढतो की!" ओढतो हे खरे. पण ओढता येते म्हणून थांबवता येते असे नाही. वीस फुटांना एक फूट उतार असेल, तर पाच टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून अडीचशे किलोचा रेटा देते. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. वेग वाढला आणि एकदम ब्रेक दाबला, तर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलीत आडवी होते. माणसे सामानाच्या वर बसलेली असल्याने भार उंच जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका आणखी वाढतो.

आपल्या वाडवडिलांना हे बैलगाडीवरून ठाऊक होते. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर बसते. ट्रॉलीचेही तसेच आहे. जड पोती तळाला, चाकांच्या किंचित पुढे. हलके सामान वर. बैलांसाठी तर १९६५ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत. गाडीच्या प्रकाराप्रमाणे ओझ्याची मर्यादा, मोठ्या लांब चढावर ओझे निम्मे, दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही. बैलाच्या ओझ्याला नियम आहे आणि तो पाळायचाच. पण त्याच वाटेने जाणाऱ्या माणसांचे ओझे कोण मोजतो?

कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन किलोकिलोने होते, कारण त्यावर पैसे ठरतात. टोळी गावातून निघते तेव्हा मात्र काटा नसतो. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भार नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजार रुपयांपासून सुरू होतो. मालाच्या ट्रॉलीत प्रवासी बसविणेही कायद्याला मान्य नाही. अपघात झालाच, तर विम्याच्या दारात कुटुंबाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

म्हणून उचल घेतानाच बोलून घ्यावे. सामान ट्रॉलीतून जावे, माणसे एस.टी.ने किंवा जीपने. भाड्याचे ठरवूनच अंगठा द्यावा. ते जमत नसेल तर निदान रात्री निघू नये. ड्रायव्हरने रस्त्यावर दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र जोडावीत. ज्या गिअरने घाट चढलो त्याच गिअरने उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये. हूकच्या पिनेला कुलूप आणि जोडीला साखळी असावी, मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत.

लेकरांचा मार्ग तर वेगळाच असावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. आपल्या तालुक्यात वसतिगृहाची काय सोय आहे, याची दिवाळीआधीच चौकशी करावी. गावातील शिकलेल्या तरुणांनी अर्ज भरून द्यावेत, कागदपत्रे जमवून द्यावीत. शाळेत राहिलेले प्रत्येक मूल म्हणजे ट्रॉलीवरचे वीस किलो कमी आणि घराण्यातला एक कोयता कमी.