दिवेलागण

आमच्या आईला घड्याळाचा फारसा आदर नाही. इंदापूरच्या घरातले घड्याळ सात दाखवो की साडेसात. अंगणातले वृंदावन अंधुक झाले की तिची दिवेलागण होते.

मी मराठीचा मास्तर. माझा भूगोल मॅट्रिकपाशीच संपला. तरी आईचेच बरोबर, हे मला ठाऊक आहे. १९०६ पासून आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२॥ अंश रेखावृत्ताची. इंदापूर ७५ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे. मी नोकरीसाठी बारामतीला राहतो, तिथे तो आणखी मिनिटा-दोन मिनिटांनी मागे.

माझी भाची नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला शिकायला गेली आणि आईच्या या हिशेबाला प्रथमच धक्का बसला. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होते, असे लोकमान्यांनी १९०३ साली ग्रंथ लिहून मांडले. विद्वानांना ते फारसे पटले नाही. पण आमच्या घरातली पोर मात्र खरोखरच तिकडे जाऊन राहिली!

जूनमध्ये आईने तिला फोनवर विचारले, “दिवेलागण झाली का ग?”

“आजी, इथे २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही.”

“अग बाई! मग उकाडा केवढा असेल!”

“मी स्वेटर घालून बसलेय.”

आईला ते खरे वाटेना. मी समजावले, आपल्याकडे मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. तिकडे तो भर दुपारीही तिरपा, आणि मध्यरात्री क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर. प्रकाश मुबलक, ऊब बेताची. आईने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पण मग पोर झोपते केव्हा?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला आली, तेव्हा मीही घरी गेलो होतो. दिवसभर आईने वारकऱ्यांना भाकरी वाढल्या होत्या. रात्री जाग आली ती देवघरातल्या उजेडाने. घड्याळात दीड वाजला होता. समई लावून आई फोनवर बोलत होती, “लावला बघ दिवा. पडदे ओढ, पुस्तक मिट. शुभं करोति म्हण आणि नीज.”

उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तिथे रात्रीचे दहा वाजले होते. पहाटेपर्यंत वाचत बसून पोरीची झोप उडाली होती, हे तिने आजीखेरीज कोणाला सांगितले नव्हते. महिनाभर आई रोज दीड वाजता उठत होती.

“मला का नाही सांगितलंस?” मी म्हणालो.

“तुझा फोन रविवारी येतो,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

आता दिवाळी आली. नोव्हेंबरअखेर तिकडे सूर्य मावळेल, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवणार नाही. आईने ठरवून टाकले आहे, की आता पोरीला उठवायचे. तिकडचे सात म्हणजे आपले साडेअकरा. तेव्हा आईची झोप तरी मोडणार नाही.

मीही एक वेळ धरली आहे. बारामतीत रोज दिवे लागले, की मी इंदापूरला फोन करतो. पलीकडून आधी काडी ओढल्याचा आवाज येतो. मग आई म्हणते, “बोल.”