निराश प्रेक्षकाचे कर्तव्य

चित्रपट पाहून आलेल्या माणसास ‘कसा काय होता?’ असे विचारले असता तो बहुधा एकाच शब्दात उत्तर देतो. तो शब्द ‘छान’ तरी असतो, नाही तर ‘टाकाऊ’. ‘छान’ म्हणणाऱ्यास कोणी कारण विचारीत नाही, व त्याच्या आनंदास कारणाची तितकी गरजही नसते. परंतु ‘टाकाऊ’ म्हणणाऱ्याने कारण सांगितलेच पाहिजे, असे माझे मत आहे. मी निराश झालो, या म्हणण्याचा अर्थ इतकाच की, मला काहीतरी देऊ केले होते व ते मला मिळाले नाही. काय देऊ केले होते, हे ज्यास सांगता येते, त्याच्या निराशेस मोल आहे. इतरांची निराशा ही केवळ कंटाळा होय.

हा विचार मनात येण्यास एक अमेरिकन रहस्यपट निमित्त झाला. ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’, म्हणजे ‘गेल्या उन्हाळ्यात तुम्ही काय केलेत ते मला ठाऊक आहे’, हा चित्रपट ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच नावाचा नवा भाग निघाला, तेव्हा वरच्या वर्गांतील काही मुलामुलींनी जुना चित्रपट घरी शोधून पाहिला, आणि मधल्या सुटीत त्यावर कडाक्याचे वाद झाले. ते ऐकून मीही तो पाहिला.

कथा थोडक्यात अशी. समुद्रकाठच्या एका लहान गावात शाळा संपविलेले चार मित्र, दोन मुली व दोन मुलगे, उत्सवाच्या रात्री मोटारीतून परतत असता एका माणसास धडक देतात. पोलिसांस कळवावे, की प्रेत नाहीसे करावे, असा वाद होतो. अखेर आपल्या पुढच्या आयुष्याचे काय होईल, या भीतीने ते त्यास धक्क्यावरून पाण्यात लोटतात, आणि लोटताना तो माणूस जिवंत असल्याचे दिसूनही कोणी मागे फिरत नाही. यावर कधी बोलावयाचे नाही, अशी शपथ घेऊन ते पांगतात. वर्षाने ज्यूली नावाच्या मुलीस एक निनावी पत्र येते व त्यात चित्रपटाचे नाव हेच वाक्य असते. पुढे हातात आकडा घेतलेला एक कोळी त्यांच्या मागे लागतो, आणि एकामागून एक खून पडू लागतात.

या चित्रपटाने पैसा पुष्कळ मिळविला. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या बोलपटाचे जगभरचे उत्पन्न साडेबारा कोटी डॉलरांच्या घरात गेले. उलटपक्षी, रॉजर ईबर्ट या नामांकित अमेरिकन टीकाकाराने त्यास चारांपैकी एकच तारा दिला. आमच्या मुलांचेही असेच दोन तट पडले होते. परंतु निराश झालेल्यांचा तट मोठा होता, आणि मला त्यांचेच म्हणणे अधिक उद्बोधक वाटले.

पहिले म्हणणे असे : ‘बाई, खुनी कोण हे ओळखण्याची संधीच दिली नाही.’ ही तक्रार अगदी न्याय्य आहे. रहस्यकथा हा लेखक व वाचक यांच्यामधील एक प्रकारचा खेळ आहे, आणि खेळ म्हटला की नियम आले. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः अशा कथा लिहीत असे, १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले. त्यांतील पहिलाच नियम हा की, गुन्हेगार हा कथेच्या आरंभीच्या भागात वाचकाच्या दृष्टीस पडलेला असला पाहिजे. या चित्रपटात अखेरीस ज्याच्याकडे बोट दाखविले जाते, तो कोळी एक ओळखीचे पात्र म्हणून आपल्यापुढे कधी आलेलाच नसतो. दीड तास आपण मित्रांपैकी एकेकावर संशय घेत बसावे, आणि उत्तर मात्र बाहेरून आणावे, ही फसवणूक होय.

यात नवल असे की, ज्या पुस्तकावरून हा चित्रपट काढला, त्यात हा दोष नाही. लोइस डंकन या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९७३ ची आहे. तीत चौघांच्या मोटारीखाली सापडतो तो सायकलवरून जाणारा एक लहान मुलगा. सूड घेण्यास निघतो तो त्या मुलाचा, युद्धावरून परतलेला भाऊ. आणि तो दोन निराळ्या नावांनी दोन्ही मुलींच्या परिचयात आरंभापासून वावरत असतो. वाचकास तो दिसतो, बोलतो, आवडतोही. केवळ ओळखू येत नाही. शिवाय पुस्तकात त्या सूडापायी एकाही माणसाचा जीव जात नाही. तरीही पान उलटताना हात थांबतो, कारण भीती आकड्याची नसून आपण केलेल्या कृत्याची असते.

दुसरे म्हणणे : ‘ही मुले मूर्ख आहेत, सरळ पोलिसांकडे का गेली नाहीत?’ याच्याशी मी सहमत नाही. अपघाताच्या रात्री ती गेली नाहीत, यातच सारी कथा आहे. ती गेली असती तर सांगण्यासारखे काही उरले नसते. भयाच्या क्षणी चांगल्या घरची मुलेही वाईट निर्णय घेतात, आणि मग तो निर्णय झाकण्यासाठी दुसरा वाईट निर्णय घेतात, हे चित्रपटाच्या पहिल्या भागात खरोखर चांगले दाखविले आहे. वर्षभरात चौघांची मैत्री तुटते. हुशार ज्यूलीचा अभ्यास ढासळतो. नटी व्हावयास गेलेली हेलन परत येऊन घरच्या दुकानात उभी राहते. कोणी शिक्षा केलेली नाही, तरी शिक्षा चालू आहे. येथपर्यंत चित्रपट उत्तम आहे, असे मी म्हणेन. आणि म्हणूनच त्याच्या शेवटाविषयीची निराशा फार मोठी आहे.

तो शेवट पाहा. उलगडा असा होतो की, मोटारीखाली सापडलेला माणूस हा कोळीच होता; तो मेला नव्हता; आणि त्याच रात्री त्याने स्वतः एका तरुणाचा खून केला होता. याचा परिणाम काय झाला? ज्या प्रश्नाने कथा सुरू झाली, तो प्रश्नच पुसला गेला. आपण ज्यास पाण्यात लोटले तो दुष्टच निघाला, असे कळल्यावर त्या मुलांच्या, आणि प्रेक्षकांच्याही, मनावरचे ओझे उतरते. परंतु लोटताना तो कोण हे त्यांस कोठे ठाऊक होते? त्यांच्या लेखी तो एक अनोळखी, जखमी, जिवंत माणूस होता. कृत्य तेच राहिले. फक्त त्याची आठवण सोयीची करून दिली गेली.

मधल्या सुटीतील वादात एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिने शेवटी विचारले, ‘बाई, त्या मेलेल्या तरुणाच्या बहिणीचे पुढे काय झाले?’ हे पात्र पुष्कळांच्या लक्षातही राहिले नव्हते. ज्यूली व हेलन चौकशीसाठी गावाबाहेरच्या एका एकाकी घरी जातात. तेथे भावाच्या मागे एकटी राहिलेली ती बहीण त्यांस भेटते. साऱ्या चित्रपटात दुःख म्हणजे काय हे ठाऊक असलेले माणूस असेल तर ते हेच. परंतु पुढे धावाधाव सुरू होते आणि शेवटी तिचे काय झाले, हे आपणास कोणी सांगत नाही. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत मार्मिक अभिप्राय हा एवढा प्रश्न होता.

असाच प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेली एक प्रेक्षक अमेरिकेत होती. ती म्हणजे मूळ लेखिका. लोइस डंकन यांची सर्वांत धाकटी मुलगी १९८९ च्या जुलैमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, न्यू मेक्सिकोमधील अल्बुकर्की शहरात मोटार चालवीत असता गोळी लागून मृत्यू पावली. खुनी सापडेना, म्हणून आईने स्वतः शोध चालविला व १९९२ मध्ये ‘माझ्या मुलीला कोणी मारले?’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्यानंतर पाच वर्षांनी आपल्याच कादंबरीवरचा हा चित्रपट त्यांनी पाहिला, आणि तरुण मुलांचे मरण करमणुकीसाठी मांडल्याबद्दल आपला तीव्र विषाद त्यांनी उघडपणे बोलून दाखविला. त्या २०१६ मध्ये वारल्या. त्यांच्या मुलीच्या खुनाचा आरोप एका इसमावर ठेवण्यात आला तो २०२२ मध्ये, म्हणजे घटनेस सुमारे तेहतीस वर्षे झाल्यावर. ‘खुनी कोण?’ हा प्रश्न आपणास दोन तासांचे कुतूहल वाटतो. त्या घरात तो इतकी वर्षे जेवणाच्या मेजावर बसून होता.

येथे पालकांस एक विनंती करावीशी वाटते. अमेरिकेत हा चित्रपट सतरा वर्षांखालील मुलांनी वडीलधाऱ्यांवाचून पाहू नये, अशा वर्गात घातलेला आहे. घरातल्या पडद्यास द्वारपाल नसतो. लहान मुलांस असले चित्रपट दाखवूच नयेत. परंतु मोठ्या मुलांनी पाहिला असे कळल्यास केवळ रागावून विषय संपवू नये. त्यांच्याजवळ बसून ‘तुला काय पटले नाही?’ असे विचारावे. मुले काय सांगतात ते ऐकून आपणही काही शिकतो, असा माझा अनुभव आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगणे एवढेच. यापुढे एखादा रहस्यपट फसला असे वाटले, तर ‘भीतीच वाटली नाही’ एवढ्यावर थांबू नका. कथेने आरंभी कोणता प्रश्न विचारला होता, तो शेवटपर्यंत तिने जागा ठेवला की नाही, खेळ न्यायाने खेळला की नाही, आणि जो मेला त्याच्यासाठी रडणारे कोणी त्या कथेत होते की नाही, इतके पाहा. मग तुमचे मत निवेदन करा, मग ते प्रतिकूल असले तरी हरकत नाही. असा प्रेक्षक सहज फसत नाही. आणि दुसऱ्याच्या घरचे दुःख दिसले असता, ते पडद्यावर असो की शेजारी, तो तेथून घाईने निघून जात नाही.