आधी व्याख्या लिहा

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी एक आमदार घरी आले. दुसऱ्यांदा निवडून आलेले, वाचणारे, आणि आपण परंपरेच्या बाजूचे आहोत हे ठामपणे सांगणारे. ८ डिसेंबरपासून नागपुरात हिवाळी अधिवेशन होते, त्यात काय काय मांडायचे याची यादी त्यांनी करून आणली होती. पहिल्या क्रमांकावर धर्मांतराला प्रतिबंध करणारा कायदा, दुसऱ्यावर गोवंशाच्या बेकायदा वाहतुकीला जास्त शिक्षा, तिसऱ्यावर देवस्थानांच्या इनामी जमिनींचे संरक्षण. “सर, एवढे तीन मसुदे करून द्या. दिवाळीनंतर मी सूचना देतो,” असे ते म्हणाले.

विधि व न्याय विभागात ३१ वर्षे विधेयकांचे मसुदे लिहून मी निवृत्त झालो आणि नागपूरला परत आलो. त्यामुळे अधिवेशन जवळ आले की असे पाहुणे येतात. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणालो, “आमदारसाहेब, धर्मांतर म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहा.” त्यांनी तीनदा लिहिले, तीनदा खोडले. चहा तसाच राहिला. जाताना म्हणाले, “एवढे कठीण असेल असे वाटले नव्हते.” तो खोडाखोड केलेला कागद अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचा फोन आला: कायदा कसा होतो ते सामान्य वाचकाला कळेल असे लिहा, कलमांचे आकडे शक्यतो नकोत. आकडे कमी ठेवण्याचा प्रयत्न मी करणार आहे, पण व्याख्या टाळून हा विषय सांगता येत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. सभागृहात मांडले जाते ते विधेयक. त्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला मराठीत ‘खंड’ म्हणतात. दोन्ही सभागृहांची मंजुरी, मग राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो, आणि तेव्हा खंडाचे कलम होते. मंत्रिमंडळाने मान्यता दिली, की दुसऱ्या दिवशी ‘कायदा झाला’ अशी बातमी येते. विधेयक पुरःस्थापित झाले, तरी ‘कायदा झाला’. फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमणारा शासन निर्णय निघाला, तेव्हाही मला तिघांनी फोन करून विचारले की हा कायदा लागू कधीपासून. शासन निर्णय हा प्रशासनाचा आदेश असतो. त्याने समिती नेमता येते, गुन्हा निर्माण करता येत नाही. ही साधी गोष्ट शाळेतल्या नागरिकशास्त्रात पक्की व्हायला हवी होती.

नागपूरचे अधिवेशन हा आम्हा वैदर्भीयांच्या अभिमानाचा विषय आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला होता की सरकार दरवर्षी ठरावीक काळ इथे येईल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे भरेल. तो शब्द बहुतांशी टिकला, पण अंगाने रोडावला. २०२४ चे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे एक आठवडा चालले. अशासकीय कामकाजासाठी शुक्रवार राखलेला असतो, आणि त्या आठवड्यात शुक्रवार एकच होता. मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक त्या एका शुक्रवारच्या रांगेत उभे राहते. संसदेत तर १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायदा झालेले नाही. त्यामुळे आमदार जेव्हा ‘माझी प्राथमिकता’ म्हणतात, तेव्हा त्यांचे खरे काम आपल्याच सरकारच्या विधेयकातला मजकूर नीट करून घेणे हे असते. त्या कामाला बातमी मिळत नाही. पण कायदा तिथेच घडतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. त्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण गेली अनेक वर्षे तो चुकीचा सांगितला जातो. लोक म्हणतात, महाराष्ट्रात गोहत्याबंदी २०१५ साली आली. गायीची कत्तल १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमानेच बंद होती. २०१५ साली त्या बंदीत बैल आणि वळू आले. ही दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केली होती, मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना. राष्ट्रपतींच्या विचारार्थ ती दिल्लीला गेली आणि अनुमती मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये, प्रणव मुखर्जी यांच्याकडून. मधल्या काळात शंकर दयाळ शर्मा, नारायणन, कलाम, प्रतिभाताई पाटील आणि मुखर्जी असे पाच राष्ट्रपती झाले. राज्यात विधानसभेच्या चार निवडणुका झाल्या. अनुभवी वकीलही मला विचारतात, मग ते विधेयक व्यपगत कसे झाले नाही?

याचे उत्तर केरळच्या एका खटल्यात आहे. विधानसभेत अडकलेले विधेयक ती विसर्जित झाली की संपते. पण दोन्ही सभागृहांचे काम पूर्ण झालेले आणि फक्त अनुमतीसाठी थांबलेले विधेयक विसर्जनाने संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुरुषोत्तमन नंबुद्री खटल्यात १९६१ साली ठरवले. विधानसभेचे म्हणणे मांडून झालेले असते, मांडणारे गेले तरी म्हणणे उरते. या तर्कावर ते विधेयक वीस वर्षे जिवंत राहिले. अनुमतीला राज्यघटनेत मुदत लिहिलेली नाही. ८ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घातली, मे महिन्यात राष्ट्रपतींनी त्यावर न्यायालयाला १४ प्रश्न विचारले, सप्टेंबरमध्ये सुनावणी संपली. मी हे २०२५ मध्ये लिहिले तेव्हा मत आलेले नव्हते.

या वीस वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती नागपूरशी जोडलेली आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा प्राणी रक्षण कायदा इथल्याच विधिमंडळाने केला. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या कायद्यांबरोबर त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्याच्या १९५८ च्या निकालात गाय आणि वासरे यांच्या कत्तलीवरची पूर्ण बंदी वैध ठरली, पण कामाला निरुपयोगी झालेल्या बैलांवरची बंदी अवैध ठरली. पुढे जवळजवळ अर्धे शतक तीच रेषा होती. ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातच्या मिर्झापूर खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने ती पुसली. म्हणजे १९९५ साली लगेच अनुमती मिळाली असती, तर त्या दुरुस्तीला १९५८ च्या निकालाच्या भिंतीवर आदळावे लागले असते.

आता खरा धडा. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये २०१५ ची बंदी कायम ठेवली. पण त्याच निकालात ‘५ ड’ हे कलम रद्द केले. राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस घरात बाळगणे हाही गुन्हा, असे ते कलम म्हणत होते. निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे ‘९ ब’ हे कलमही गेले. वीस वर्षे दिल्लीत थांबलेल्या, पाच राष्ट्रपतींच्या काळातून गेलेल्या विधेयकात हे दोन खंड आहेत तसे राहिले. मूळ उद्देशाला त्यांची गरज नव्हती. जनावराची कत्तल थांबवणे एक गोष्ट, माणसाच्या स्वयंपाकघरात शिरणे दुसरी. १९९५ साली खंडशः चर्चेत कोणी हात वर करून ‘हा खंड कशासाठी?’ असे नेमके विचारले असते, तर एवढी कोर्टकचेरी वाचली असती. या कायद्याचा अभिमान असणाऱ्यांना मी हेच सांगतो, आणि ते नाराज होतात.

आता त्या खोडलेल्या वाक्याकडे येतो. धर्मांतरविरोधी विधेयक हिवाळी अधिवेशनात आणू, असे राज्य सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितले होते. हा विषयही नागपूरला नवा नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली, रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. मध्य प्रदेशने १९६८ साली कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात वैध ठरवला. त्यामुळे ‘असा कायदा होऊच शकत नाही’ असे म्हणणारेही चुकतात. बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांना गुन्हा ठरवता येतो. अडचण पुढे सुरू होते. हिमाचल प्रदेशच्या २००६ च्या कायद्यातली ३० दिवस आधी सूचना देण्याची अट तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. गुजरातच्या २०२१ च्या दुरुस्तीतल्या अनेक कलमांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने आंतरधर्मीय विवाहांपुरती स्थगिती दिली. कायदे पडतात ते घोषणेवर नव्हे, अशा जोडखंडांवर पडतात.

आणि नागपूरच्या आमदाराने याहून मोठ्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. विधानभवनापासून काही किलोमीटरवर दीक्षाभूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर दसऱ्याला तिथे आजही लोक दीक्षा घेतात. उत्तर प्रदेशच्या कायद्यात दोन किंवा अधिक व्यक्तींचे धर्मांतर म्हणजे ‘सामूहिक धर्मांतर’, आणि धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. तीच व्याख्या इथे उचलली तर दीक्षाभूमीवर रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाचे काय होते? गुजरात सरकारने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्टच म्हटले, की बौद्ध धर्म वेगळा आहे आणि हिंदूने तो स्वीकारण्यासाठी कायद्याप्रमाणे परवानगी लागेल. काही राज्यांच्या कायद्यांत ‘मूळ धर्मात’ परत येणे हे धर्मांतर समजले जात नाही. मग ज्याच्या आजोबांनी १९५६ साली दीक्षा घेतली, त्या नातवाचा मूळ धर्म कोणता? आमदारसाहेबांनी तीन वेळा वाक्य खोडले ते इथेच. हे प्रश्न विरोधकांनी विचारायचे आणि समर्थकांनी चिडायचे, असा प्रघात पडला आहे. माझ्या मते ते समर्थकांनीच आधी, बंद खोलीत, स्वतःला विचारायला हवेत.

मार्ग आहे, आणि तो याच सभागृहाने नुकताच वापरला आहे. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा मांडले गेले, तेव्हा मुख्यमंत्री फडणवीसांनी ते संयुक्त समितीकडे पाठवले. चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. समितीकडे १२,००० हून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांपुरता आखलेला होता, आणि तपासाचा अधिकार पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जापर्यंत वर नेला होता. त्या विधेयकाबद्दल मतभेद उरले आहेत, विरोधकांनी परिषदेत सभात्याग केला, मलाही काही शंका आहेत. पण पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवून वाचा. फरक समितीने केला.

सेवेच्या सुरुवातीच्या काळात एका लहानशा दुरुस्ती विधेयकात मी दोन अटींच्या मध्ये ‘आणि’ लिहिले. तिथे ‘किंवा’ हवे होते. माझ्या वरिष्ठांनी ते वाचले, सभागृहाने आवाजी मतदानाने मंजूर केले, कोणाच्या लक्षात आले नाही. दीड वर्षाने ती चूक दुरुस्त झाली. तोवर एक अट पूर्ण करणाऱ्या माणसांचे अर्ज दुसरी अट नाही म्हणून परत जात राहिले. ती माणसे मी पाहिली नाहीत. त्यांची संख्याही मला कधी कळली नाही. तेव्हापासून ‘एवढे तीन मसुदे करून द्या’ असे कोणी म्हटले की मला धसका बसतो. एका शब्दात माणसाचा हक्क असतो, आणि तो वाचायला सभागृहात वेळ नसतो. 

परंपरेचा कैवार घेणाऱ्या लोकप्रतिनिधीबद्दल मला आदर आहे. मी स्वतः त्याच संस्कारात वाढलो. पण जपण्यासारख्या परंपरांमध्ये एक परंपरा विधिमंडळाचीही आहे: तीन वाचने, खंडशः चर्चा, समितीची छाननी, विरोधकाची दुरुस्ती पटली तर घेणे. परंपरेचे रक्षण म्हणणाऱ्याने ही पहिली राखली पाहिजे. आमदारसाहेबांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. तीनपैकी एकच विषय घ्या, आणि विधेयक मांडले गेले की ते संयुक्त समितीकडे पाठवा अशी मागणी तुम्हीच करा, तुमच्याच पक्षातून. ते विचार करतो म्हणाले.

आणि वाचकांना एक विनंती. अधिवेशनात तुमच्या आमदाराने कोणत्याही विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात भाषण केले, तर त्यांना फोन करून त्या विधेयकाची प्रत मागा. ती मराठीत छापलेली असते. सुरुवातीच्या खंडांतच व्याख्या असतात. त्या वाचा, आणि तुमच्या घरातला, तुमच्या गल्लीतला कोण त्या व्याख्येत येतो ते तपासा. मग मत बनवा.